‘आहे’, ‘असावं’ आणि ‘म्हणे’ : इंग्रजीत शोधनिबंध लिहिताना

(किल्लारी इथं भरलेल्या युवा शिबिरात पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं लेखी रूप.)



मला विषय दिलाय ‘इंग्रजीत शोधनिबंध कसा लिहावा’. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणारी मुलंमुली आपापले निबंध घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “मॅडम, विषय पक्का आहे, फक्त इंग्रजी तेवढं बघून द्या.” मी वाचायला घेते. व्याकरणाच्या चुका असतात, त्या तासाभरात दुरुस्त होतात. मग मी विचारते, “हे वाक्य तू स्वतः पाहिलेल्या गोष्टीबद्दल आहे, कुणी सांगितलेल्या, की तुझा अंदाज आहे?” इथं बहुतेक जण थांबतात. कारण हे ठरवायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

त्यासाठी किल्लारीसारखी दुसरी जागा नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन उरकून लोक झोपले होते. पुढं काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा, पण या गावाचं नाव जगभरच्या भूकंपशास्त्राच्या ग्रंथालयांत पोचलेलं आहे. ज्या भूभागात मोठा भूकंप होणार नाही असा समज होता, तिथं तो झाला, म्हणून जगाचं लक्ष इकडे वळलं. आणि जवळजवळ सगळं लिहिलं गेलं इंग्रजीत.

१९९६ सालचे दोन शोधनिबंध घेऊ. पहिला न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट वेधशाळेचे लिओनार्डो सीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांच्यात आयआयटी कानपूरचे प्राध्यापकही होते. तो ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’मध्ये आला. दुसरा तिरुवनंतपुरमच्या सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन आणि बिजू जॉन यांचा, ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात. भूकंप तोच, गाव तेच, वर्षही तेच. पहिल्या निबंधाच्या शीर्षकाचा अर्थ असा, की किल्लारीचा भूकंप म्हणजे बेसॉल्टच्या थरांमधला एक नवा भ्रंश आहे का? दुसऱ्याचं शीर्षक सांगतं, की हा फार जुन्या खडकातला भ्रंश पुन्हा जागा झाल्याचं उदाहरण आहे. म्हणजे जमीन नव्यानं फाटली, की जुनी जखम पुन्हा उघडली, असा हा वाद.

मला त्यातलं एक चिन्ह दाखवायचं आहे. पहिल्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. जगातल्या नामवंत संस्थांमधली माणसं, हातात उपकरणांच्या नोंदी, तरी शीर्षकात प्रश्नचिन्ह. आपल्याकडे एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं, तर “तुलाच खात्री नाही, तर लिहिलंस कशाला?” असं ऐकवलं जाईल. पण जेवढी खात्री आहे तेवढंच बोलायचं आणि बाकीचं मोकळेपणानं प्रश्न म्हणून मांडायचं, हीच या लेखनाची पहिली अट आहे. दुसऱ्या निबंधानं ठाम बाजू घेतली, कारण आपल्याकडे तेवढा आधार आहे असं त्यांना वाटलं. दोन्ही प्रामाणिक आहेत. आपला आधार किती आणि वाक्य किती जोराचं, याचा मेळ दोघांनीही आपापल्या परीनं घातला.

आता तुम्ही म्हणाल, हे इंग्रजीतलं बारीक काम आम्हाला कसं जमणार? पण हे काम तुम्ही रोज करता, फक्त मराठीत. ही चार वाक्यं ऐका. ‘तिथं भिंत पडली.’ ‘तिथं भिंत पडली असावी.’ ‘तिथं भिंत पडलेली दिसते.’ ‘तिथं भिंत पडली म्हणे.’ यातलं पहिलं वाक्य बोलणारा जबाबदारी घेतोय. दुसरा अंदाज करतोय. तिसऱ्यानं ढिगारा पाहिलाय, पडताना पाहिलेली नाही. चौथ्यानं दुसऱ्याकडून ऐकलंय आणि तो ते लपवत नाही. ‘म्हणे’ हा एवढासा शब्द, पण त्यात अख्खं संशोधनाचं शिस्तशास्त्र आहे. घरी दखनी बोलणाऱ्यांकडे ‘बोलते’ आणि ‘होएंगा’ आहेच. आपल्या अम्मीला या चारांतला फरक नीट कळतो. मुलगा ‘पास झालो’ म्हणतोय की ‘पास झालो असेन’ म्हणतोय, हे ती एका कानानं ओळखते.

इंग्रजीत हीच कामं वेगळे शब्द करतात. ‘प्रूव्ह्ज’ म्हणजे सिद्ध झालं. समाजशास्त्रात आणि भूशास्त्रात तो शब्द जवळजवळ वापरूच नका. ‘शोज’ म्हणजे माझ्या माहितीत स्पष्ट दिसतं. ‘सजेस्ट्स’ म्हणजे माहिती त्या दिशेला बोट दाखवते. ‘मे’ म्हणजे शक्य आहे. आणि ‘अमुक यांच्या मते’ हे आपलं ‘म्हणे’, फक्त कोण म्हणे ते नाव आणि साल घालून. वाक्य आधी मराठीत म्हणा, त्यात ‘आहे’, ‘दिसतं’, ‘असावं’, ‘म्हणे’ यातलं काय येतं ते ऐका, मग इंग्रजी शब्द निवडा. मी वर्गात हेच करून घेते. पानभर निबंधातल्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलनं या चारांतला एक शब्द लिहायचा. जिथं लिहिता येत नाही, ते वाक्य बहुधा कुठून तरी उचललेलं निघतं.

किल्लारीचाच दाखला घ्या. जवळच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्यामुळे भूकंप झाला, असं इथले कित्येक जण सांगतात. शास्त्रज्ञांमध्येही ही शक्यता चर्चेला आली. काहींना ती विचार करण्याजोगी वाटली, काहींनी ती मान्य केली नाही. मग ‘धरणामुळे भूकंप झाला’ असं लिहिलंत, तर ते चूक. ‘लोकांची अंधश्रद्धा आहे’ असं लिहिलंत, तर तेही चूक. ‘या भागातल्या अनेकांच्या मते भूकंपाचा संबंध धरणाशी आहे, संशोधकांमध्ये यावर मतभेद आहेत’ असं लिहून दोन्ही बाजूंचे निबंध दाखवलेत, तर वाक्य खरं झालं. त्यासाठी भारी इंग्रजी लागत नाही.

संदर्भ देण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे ती रीत जुनी आहे. हदीस सांगताना कुणाकडून ऐकलं, त्यानं कुणाकडून ऐकलं, ही सनद आधी सांगायची. साखळीतला एक रावी कच्चा निघाला, तर मजकूर कितीही सुंदर असो, त्याला ‘जईफ’ म्हणायचं. लहानपणापासून हे ऐकलेल्या मुलांनी शोधनिबंधात ‘असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे’ असं मोघम लिहावं, याचं मला नवल वाटतं. कोण तज्ज्ञ? कुठं म्हणाले? कधी?

आकड्यांचं तर विचारूच नका. १९९३ च्या भूकंपातल्या मृतांचा आकडा कुठं ७,९२८ दिसतो, कुठं ९,७४८, कुठं नुसतं ‘दहा हजार’. तुम्ही एक उचललात आणि स्रोत दिला नाहीत, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? त्या दोन आकड्यांमध्ये १,८२० माणसांचा फरक आहे. एवढ्या माणसांची गावं असतात. म्हणून आकडा कुठून घेतला ते लिहायचं, आणि दुसरा आकडाही प्रचलित आहे हे एका वाक्यात सांगायचं. तीच गोष्ट नावाची. इंग्रजीत हा भूकंप कधी ‘किल्लारी’ तर कधी ‘लातूर’ या नावानं येतो, लातूर शहर इथून चाळीसेक किलोमीटर असलं तरी. गूगल स्कॉलरवर शोधताना दोन्ही नावं टाकली नाहीत, तर अर्धं साहित्य हाती लागणारच नाही.

आता निबंधाची सुरुवात. आपली मुलं आदम-हव्वापासून सुरू करतात. ‘मानव आणि निसर्ग यांचं नातं प्राचीन काळापासून...’ असा एक परिच्छेद, मग भूकंपाची व्याख्या, मग भारताचा भूगोल, आणि तिसऱ्या पानावर किल्लारी. तोवर संपादकानं निबंध बाजूला ठेवलेला असतो. जॉन स्वेल्स नावाच्या भाषाभ्यासकानं असंख्य शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून त्यांचा साचा दाखवला. त्यांचं ‘जॉनर ॲनालिसिस’ हे पुस्तक १९९० सालचं. प्रस्तावनेत तीन पावलं असतात, असं ते सांगतात. पहिलं, या विषयावर काय काम झालंय. दुसरं, त्यात कोणती जागा रिकामी आहे. तिसरं, ती जागा हा निबंध कशी भरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर, बैठकीत उशिरा आलेल्या शहाण्या माणसासारखं वागायचं. आधी काय बोलणं झालंय ते ऐकायचं, कुठला मुद्दा राहिलाय ते हेरायचं आणि तेवढंच बोलायचं.

दुसरं पाऊल सगळ्यात अवघड. ‘या विषयावर आजवर कुणीच लिहिलेलं नाही’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या निबंधांत असतं. ते लिहिण्याआधी शोधगंगावरचे प्रबंध चाळा. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, त्याच्या आधी हा सगळा भाग संभाजीनगरच्या विद्यापीठात होता. तेव्हा दोन्हीकडचं पाहावं लागेल. सगळं पाहून झाल्यावरही ‘मला सापडलं नाही’ एवढंच लिहा.

ही रिकामी जागा बाहेरच्यापेक्षा तुम्हाला लवकर दिसते, हा तुमचा फायदा आहे. जुन्या गावातलं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि वर मातीचं जड माळवद. एका विद्यार्थिनीनं त्याला इंग्रजीत ‘मड हाउस’ लिहिलं होतं. मी विचारलं, “तुझ्या आजीचं घर मातीचं होतं?” ती म्हणाली, “नाही मॅडम, दगडाचं. वरचं माळवद मातीचं.” मग लिही ना तसं! वाचणारा इंजिनिअर असेल, तर या फरकावर सगळा निष्कर्ष फिरतो. घट्ट न बांधलेली दगडी भिंत हादऱ्यात उकलली आणि वरचं वजन खाली आलं, म्हणून माणसं दगावली. ‘मड हाउस’ या शब्दात ते कारणच गायब होतं. ‘माळवद’ला इंग्रजी शब्द नाही, तर माळवदच लिहा, पहिल्यांदा येईल तिथं एका वाक्यात समजावून सांगा आणि पुढं बिनधास्त वापरा. पडवी, ओसरी, बलुतं, वाटा या शब्दांचंही तसंच. जिथं इंग्रजी अपुरी पडते, तिथं लाजून जवळचा चुकीचा शब्द घालू नका.

लिहिण्याचा क्रम सांगते, तो छापील क्रमाच्या उलटा आहे. आधी जे सापडलं ते लिहा. मग ते कसं शोधलं ते. मग त्याचा अर्थ काय. मग प्रस्तावना. सारांश सगळ्यात शेवटी. समजा, तुम्ही पुनर्वसित वसाहतीतली ४० घरं पाहिलीत आणि त्यातल्या ३१ घरांनी पुढं पत्र्याची पडवी काढलेली आहे. ‘पाहिलेल्या ४० घरांपैकी ३१ घरांना नंतर पडवी जोडलेली आहे’ हे झालं सापडलेलं. ‘आराखड्यात उंबऱ्याबाहेर बसायची जागा पुरेशी नसावी’ हा अर्थ, म्हणून तिथं ‘नसावी’. आणि ‘पुनर्वसन फसलं’ ही ४० घरांवरून मारलेली उडी, ती मारायची नाही. किल्लारी धरून बावन्न गावं नव्यानं वसवली गेली. तुम्ही एका गावातलं पाहिलंय.

ज्यांनी मुलाखत दिली, त्यांना आधी सांगा की हे कशासाठी आहे. नाव छापू नका. भूकंपात घरातली माणसं गेलेल्या म्हाताऱ्या बाईला तीच रात्र पुन्हा सांगायला लावताना, तुमच्या प्रश्नावलीतला तो प्रश्न खरोखर लागणार आहे का, याचा दहादा विचार करा. १९९२ मध्येच इथं हादरे जाणवले होते, हे नंतरच्या निबंधांत आलं, त्यात यंत्रांच्या नोंदींबरोबर लोकांनी सांगितलेलंही होतं. लोकांचं बोलणं शास्त्राच्या कामी येतं, पण ते इमानदारीनं लिहिलं तर.

आता बाजाराचं बोलते. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं एका नियतकालिकाला पैसे भरले, चार दिवसांत निबंध ‘प्रसिद्ध’ झाला. त्याला एकही परीक्षकाचा अभिप्राय आलेला नव्हता. पुढं निवडीच्या वेळी ती वेबसाइटच उघडेना. ते पैसे तिच्या आईनं शिलाईकाम करून साठवलेले होते. हे एकट्या तिचं दुखणं नाही. यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नियतकालिकं होती. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातली १,००९ नीट तपासली, तेव्हा निकषांवर फक्त ११२ उतरली. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्यानंतर केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. म्हणजे आता गाळणी तुमच्याच हातात आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांना ईमेल करून पाहा. मागचे दोन अंक वाचा. आठवड्यात छापण्याचं वचन देणाऱ्याला दुरूनच सलाम करा.

आणखी एक. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनं काढली. तुमच्या विद्यापीठाचा नियम काय आहे ते तपासा आणि घाईनं पैसे भरू नका. २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम मात्र कायम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. साठ टक्क्यांवर गेलात, तर नोंदणीच रद्द होऊ शकते. काही जण आता यंत्राकडून अख्खा निबंध लिहून घेतात. व्याकरण तपासायला यंत्र वापरा, पण संदर्भ त्याच्यावर सोडू नका. नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेखक ते मोठ्या थाटात देतं. आणि माळवदाखाली कोण झोपलं होतं, हे त्यानं पाहिलेलं नाही.

आपल्या समाजातल्या मुलांसाठी ही गोष्ट आणखी जवळची आहे. एम.फिल.-पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २००९ पासून होती. ती बंद केल्याचं सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. आता उरलेल्या जागांसाठी स्पर्धा करताना तुमचं लिखाणच तुमची शिफारस करेल. दुसरी गोष्ट, २००६ चा सच्चर समितीचा अहवाल असो, की महाराष्ट्रातल्या मुस्लिमांविषयीचा महमूदूर रहमान समितीचा २०१३ चा अहवाल, आपल्या घरांची, शाळांची, कामधंद्याची नोंद इंग्रजीत होते, आणि त्यावर धोरणं ठरतात. त्या तक्त्यांमध्ये आपण आकडा म्हणून असतोच. तळटीपेत, संदर्भसूचीत, लेखकाच्या जागी मात्र फार कमी दिसतो. औशाचा विणकर, उदगीरचा बागवान, इथल्या वसाहतीतला गवंडी यांच्याबद्दल जे लिहिलं जाईल, ते त्यांच्या अंगणात वाढलेल्या कुणी लिहिलं, तर ‘मड हाउस’सारखी चूक तरी होणार नाही.

त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवा. घरचा माणूस लिहितो म्हणून ते आपोआप खरं ठरत नाही. आपल्या माणसांबद्दल लिहिताना आपणच जास्त सैल होतो, ‘असावं’च्या जागी ‘आहे’ लिहून मोकळे होतो. परक्याला जो पुरावा मागाल, तोच स्वतःला मागा. नाहीतर आपलं म्हणणं कुणीही एका फुंकरीनं उडवेल, आणि मग आपल्या खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

निबंध छापून आला की काम अर्धंच झालं. ज्यांनी दारात बसवून चहा पाजला आणि माहिती दिली, त्यांच्यातल्या बहुतेकांना तो इंग्रजी निबंध वाचता येणार नाही. त्याचं दोन पानी मराठी रूप करा, जिथं उर्दू वाचणारे असतील तिथं उर्दूत करा, आणि जाऊन वाचून दाखवा. एखादी आजी मध्येच म्हणेल, “असं नव्हतं बाळा, पडवी आधीच होती.” तिचं ऐका. जगातला कुठलाही परीक्षक तुम्हाला तेवढी पक्की दुरुस्ती देणार नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण बसणार आहोत, तेव्हा प्रत्येकानं आपल्या निबंधाचं एकच पान आणि एक पेन्सिल घेऊन या. प्रत्येक वाक्यापुढे चारांतला एक शब्द लिहायचा आहे : आहे, दिसतं, असावं, म्हणे. इंग्रजीचं नंतर बघू.